दहावी मुक्त विद्यालयातून, अभ्यास घरी आणि एकटीने: वेळापत्रक कसं आखावं?

इंदिरानगरी
नमस्कार मंडळी,
लेकीला चौदा पूर्ण झाली. आठवीनंतर शाळा सोडली. का सोडली यावर वेगळा धागा होईल, इथे तो विषय नको. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करायची ठरलंय, पुढच्या एप्रिलच्या परीक्षेला. विषय मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि चित्रकला. मी बँकेत, हे अंबडला कंपनीत, शिफ्ट बदलती. दिवसभर घरी ती आणि आजी. क्लास नको हे तिचं स्पष्ट म्हणणं, आणि आम्हालाही ते पटलंय. गणितात काही अडलंच तर रविवारी तिचा मामा व्हिडिओ कॉलवर असतो. थोडक्यात, शिकवायला कोणी नाही, शिकायचं तिनेच.

तिने हौसेने वेळापत्रक केलं. सात ते पावणेआठ गणित, पावणेआठ ते साडेआठ विज्ञान, मग नाश्ता, मग इंग्रजी... पाच रंगांचे स्केचपेन, वर गणपती. मंगळवारी गणिताचा एकच धडा दोन तास चालला. विज्ञान सरकलं, त्याने इंग्रजी सरकलं. बुधवारी आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. गुरुवारी सकाळी बघते तर कागद भिंतीवरून गायब. 'मी आधीच मागे पडलेय' असं म्हणून बाईसाहेब गच्चीत चिमण्या बघत बसल्या होत्या.

पुस्तकं आहेत, वेळ आहे, पोरीला शिकायचंही आहे. रोजचं आखायचं कसं, ते सांगा. 'शाळेत परत घाला' हे सांगायला घरचे पुष्कळ आहेत.

मिसळ_आणि_ताक
शाळेत परत घाला :)
मस्करी. वाचतोय. आमचा पण पुढच्या वर्षी हाच बेत आहे.

सातपूरचे_मास्तर
ताई, मी माध्यमिकला गणित शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे शाळेच्या बाजूचा माणूस समजा. पण तुमच्या मुलीने जे केलं ती शाळेच्या तासिकांची नक्कल आहे, आणि घरी ती चालणार नाही. तासिका ३५-४० मिनिटांची का असते? मुलाचं डोकं तेवढाच वेळ चालतं म्हणून नव्हे. मला आठवी ब वरून नववी अ वर जायचं असतं म्हणून. एका मास्तरला सहा वर्ग वाटायचे तर घंटा लागते. तुमच्या घरात मास्तरच नाही, मग घंटा कोणासाठी?

शाळेतलं घ्यायचं असेल तर वार्षिक नियोजन घ्या. आम्ही जूनमध्ये बसून कोणता घटक कोणत्या महिन्यात, चाचणी कधी, सहामाहीपर्यंत कुठवर, हे आधी मांडायचो. रोजचं पाठ टाचण त्यातून निघायचं. तुमच्याकडे रोजचं आहे आणि वर्षाचं नाही. आधी वर्ष मांडा.

शिफ्ट_इन्चार्ज
मास्तरांना अनुमोदन. मी कंपनीत प्लॅनिंगला आहे, म्हणून वर्ष मांडणं म्हणजे नेमकं काय ते आकड्यांत सांगतो. शेवटच्या तारखेपासून मागे या.

पाचही पुस्तकं समोर घेऊन धडे मोजा. उदाहरणापुरतं समजा विषयाला सरासरी २४, म्हणजे पाच विषयांचे १२० धडे. एक जुलैला सुरुवात आणि फेब्रुवारीअखेर पहिलं वाचन संपवायचं, तर ३४ आठवडे मिळतात. त्यातून गौरी-गणपतीचा एक वजा, दिवाळीचे दोन, ताप-पाहुणे-लग्न यांचे दोन, टीएमएचे स्वाध्याय लिहायला एक. उरले २८. १२० भागिले २८, म्हणजे आठवड्याला सव्वाचार धडे. पाच धरा, म्हणजे २४ आठवड्यांत काम होतं आणि चार आठवडे गाठीला राहतात. मार्च अख्खा उजळणीला.

आठवड्याला पाच धडे. बस. ही एक ओळ त्या रंगीत तक्त्यापेक्षा कामाची आहे. मशीन शंभर टक्के लोड धरून प्लॅन काढला की महिनाअखेरीला बोंब ठरलेली, तसंच हे. तिच्या कागदात बुधवारच्या डोळ्यांच्या डॉक्टरला जागाच नव्हती.

इंदिरानगरी
@शिफ्ट_इन्चार्ज, हे तिला दाखवलं. 'फक्त पाच?' म्हणाली. बऱ्याच दिवसांनी चेहरा खुलला. पण टीएमए म्हणजे नक्की काय काय करावं लागतं?

गच्चीवरची_शाळा
टीएमए म्हणजे घरी लिहून जमा करायचा स्वाध्याय, प्रत्येक विषयाचा वेगळा. त्याला २० टक्के वजन आहे, म्हणून त्याला शेपटासारखं शेवटी टांगू नका. एप्रिलच्या परीक्षेसाठी तो साधारण जानेवारीअखेर जमा करायचा असतो, नक्की तारीख दरवर्षी साईटवर बघायची.

आणि वेळापत्रकासाठी याहून महत्त्वाची गोष्ट: अभ्यासक्रमाची विभागणी केलेली असते. साधारण ४० टक्के भाग टीएमएसाठी आणि ६० टक्के लेखी परीक्षेसाठी. कोणता धडा कशात, ते विषयवार संस्थेच्या साईटवर असतं. ते पान छापून पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने 'ट' आणि 'प' अशा खुणा करून टाका. माझ्या मुलाने हे पहिल्याच दिवशी केलं आणि त्याचा निम्मा घाबरटपणा गेला, कारण मार्चमध्ये उजळणीला काय घ्यायचं ते जुलैतच कळलं.

अजून एक, लोक इथे फसतात. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला बसलो असं होत नाही. परीक्षेचा फॉर्म आणि फी वेगळी, त्याची मुदत वेगळी. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. हे काम मोठ्यांचं, पोरीवर टाकू नका.

शिफ्ट_इन्चार्ज
वा, ही विभागणी मला माहीत नव्हती. म्हणजे माझ्या उदाहरणातल्या १२० पैकी ४८ धडे टीएमएचे. आठवड्याला पाचने ते आधी घेतले तर दहा आठवड्यांत, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाचून मोकळे. लिहायला दिवाळीनंतरचा आठवडा. जानेवारीपर्यंत श्वास घ्यायला जागा.

सातपूरचे_मास्तर
थांबा साहेब. गणिताला हे लावू नका. बहुपदी कच्ची ठेवून पुढचं एखादं प्रकरण केवळ टीएमएत आहे म्हणून आधी घेतलं तर पोरगी तिथेच अडकेल. गणित पहिल्या धड्यापासून ओळीने. विज्ञानात थोडी मोकळीक आहे, तरी रसायनातला अणू समजल्याशिवाय बंध घेऊ नये. भाषांत खुशाल उड्या मारा.

शिफ्ट_इन्चार्ज
मान्य. म्हणून तर मास्तर लागतात.

आठवी_पास_नापास
मी स्वतः सातवीपासून घरी शिकलो, दहावी-बारावी दोन्ही एनआयओएस. आता कॉलेजरोडला शेवटच्या वर्षाला आहे. ताई, तुमच्या मुलीच्या बाजूने लिहितो.

वर्षाचा हिशोब बरोबर आहे. पण 'आठवड्याला पाच' पासून 'आज सकाळी काय उघडू' इथपर्यंत यायला अजून एक गोष्ट लागते. मी सोमवार गणित, मंगळवार विज्ञान असं वाराला विषय बांधणं सोडून दिलं होतं. वाराला बांधलं की जो वार बुडाला तो विषय बुडाला, आणि दर बुधवारीच काहीतरी निघतं. त्याऐवजी साखळी. पुठ्ठ्याच्या पट्टीवर वरून खाली लिहायचं: गणित, विज्ञान, गणित, इंग्रजी, मराठी, गणित, विज्ञान, चित्रकला-लेखी. कडेला कपड्यांचा चिमटा. जे झालं त्याच्या खाली चिमटा सरकवायचा. आज दोन झाले, उद्या आजीचा दवाखाना आला म्हणून शून्य, परवा तीन. चिमटा जिथे आहे तिथून पुढे. पट्टी संपली की परत वर. यात 'मागे पडणं' हा प्रकारच राहत नाही, फक्त 'पुढचं काय' एवढंच राहतं. गणित तीनदा आणि मराठी एकदा का, तर तिला जे जड त्याला जास्त वेळा. तिची साखळी तिने ठरवावी.

मार्चमध्ये उजळणीची साखळी वेगळी असते, तेव्हा ही फाडून टाकायची.

मिसळ_आणि_ताक
चिमटा आवडला. वाचनखूण साठवली.

निफाडकर_द्राक्षवाले
आमच्याकडं पोरगं घरीच शिकतंय, शाळा लांब आणि त्याला बागेतलंच जास्त कळतं. आमचं वेळापत्रक बागच ठरवती. एप्रिलची परीक्षा धरली तर जानेवारीपासून मार्चपर्यंत माल काढणी चालू, घरचं माणूस बांधावर पाहिजेच. ऑक्टोबरची धरली तर छाटणी. दोन्हीकडून कात्री. पण छाटणी टोळी करती, काढणीला मात्र व्यापाऱ्यासमोर घरचं कोणी लागतं. म्हणून आम्ही तीन विषय ऑक्टोबर-नोव्हेंबरला आणि दोन एप्रिलला असं फोडलं. मुक्त विद्यालयात सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. प्रवेश पाच वर्षं चालतो, नऊ संधी मिळतात. हे शहरातले लोक वापरतच नाहीत, सगळ्यांना एकदम दहावी पास पाहिजे.

आमचं पोरगं पहाटे साडेपाचला गणित करतं, कारण थंडीत त्या वेळेला बागेत जाऊन उपयोग नाही, दव असतं. आणि निफाडची थंडी काय असती ते नाशिकवाल्यांना सांगायला नको.

इंदिरानगरी
@निफाडकर_द्राक्षवाले दादा, विषय फोडायचं डोक्यातच आलं नव्हतं. पण तिला अकरावीला याच वर्षाच्या मैत्रिणींबरोबर जायचंय, म्हणून एकदम एप्रिल. अकरावीला अडचण येत नाही ना?

गच्चीवरची_शाळा
केंद्रीय मंडळ मान्य, तसंच हेही मान्य. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात इतर मंडळांची मुलं येतात तशीच ही येतात. मात्र अकरावीला सायन्स घ्यायचं असेल तर दहावीला गणित-विज्ञान ठेवलेलंच बरं, तुम्ही ठेवलंय. विज्ञानाचं प्रात्यक्षिक असतं, त्यासाठी अभ्यास केंद्रात जावं लागतं. केंद्राचे संपर्क वर्ग कधी आहेत ते विचारून साखळीच्या बाहेर कॅलेंडरवर टाका. चित्रकलेत तर लेखीपेक्षा प्रात्यक्षिकाला जास्त गुण. तिथे धडे मोजून उपयोग नाही, हात चालला पाहिजे.

देवळाली_कॅम्प
विषयाला सोडून, पण विचारते: कायद्याने चालतं का हे? शिक्षण हक्क कायदा आहे ना?

आठवी_पास_नापास
तो २००९ चा कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. यांची मुलगी १४ पूर्ण, आणि मुक्त विद्यालयाच्या दहावीलाही १४ पूर्णच लागतात. इथे तो प्रश्न नाही. लहान मुलांच्या बाबतीत वाद जुना आहे, त्यावर इथेच तीन धागे भांडून बंद झालेत. चौथा नको.

सातपूरचे_मास्तर
चिमट्यावर माझी एक हरकत नोंदवतो. साखळी उत्तम, पण त्यात घड्याळ पूर्ण सोडलेलं दिसतं. मोकळी सकाळ मिळालेली मुलं मी पाहिली आहेत, दहा वाजता आंघोळ आणि बाराला पुस्तक. सवयीला ठरलेली वेळ लागते. निदान रोज एका वेळी टेबलाशी बसणं पक्कं हवं.

आठवी_पास_नापास
सर, इथे मी तुमच्याशी भांडणार नाही. माझी पण बसायची वेळ ठरलेली होती, आठ वाजता. उठायची नव्हती. आठला बसायचं, चिमटा असेल तो विषय उघडायचा. धडा पाऊण तासात संपला तर संपला, दोन तास लागले तर लागले. सकाळची एक बैठक, दुपारी आजीची झोप असते तेव्हा दुसरी. दोन बैठकांच्या वर घरी एकट्याने शिकणाऱ्याला काही लागत नाही, शाळेचे सहा तास म्हणजे हजेरी, प्रार्थना, डबा आणि गोंगाट धरून.

शिफ्ट_इन्चार्ज
म्हणजे सुरुवातीची वेळ पक्की, शेवटची मोकळी. पटलं.

आठवी_पास_नापास
आणि ताई, संध्याकाळी पाच ते सात काहीही ठेवू नका. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. कॉलनीतली शाळेत जाणारी पोरं त्याच वेळेला सुटलेली असतात. घरी शिकणाऱ्याला दिवसभर वेळच वेळ असतो, पण सोबत त्या दोन तासांतच मिळते. ते अभ्यासात गेले तर तिला आठवड्यात एकही मैत्रीण भेटणार नाही. मी पहिल्या वर्षी संध्याकाळी इंग्रजी ठेवलं होतं. इंग्रजी सुधारलं, पण क्रिकेटच्या टीममधून नाव गेलं ते गेलंच.

देवळाली_कॅम्प
हे फार खरं लिहिलंत.

इंदिरानगरी
नोंद घेतली. सगळ्यात आधी हेच घेतलं.
आता माझी खरी अडचण. ती 'झाला' म्हणते, पण धडा झाला हे ओळखायचं कसं? मी संध्याकाळी साडेसातला घरी येते. प्रश्न विचारायला बसले की तिचं तोंड वाकडं, नाही विचारले की माझा जीव टांगणीला.

गच्चीवरची_शाळा
एनआयओएसची पुस्तकं शिक्षक नसलेल्यासाठीच लिहिलीत. धड्याच्या मधेमधे पाठगत प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं धड्याच्या शेवटी. ती आधी स्वतः सोडवायची, मग मागे बघून लाल पेनाने स्वतःच तपासायची. लाल पेन तिच्या हातात. तुम्ही फक्त रविवारी वही उलटी-सुलटी करायची. लाल खुणा अजिबात नसतील तर समजा उत्तरं आधी बघितली.

आमच्या घरी 'झाला'चा अर्थ असा: दुसऱ्या दिवशी बैठकीला बसल्यावर, पुस्तक बंद ठेवून, कालच्या धड्यावर पाच-सहा ओळी लिहिता येणं. नाही आल्या तर चिमटा हलत नाही. मग तोच धडा आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा, तसाच पुस्तक बंद करून. परत वाचल्याने लक्षात राहतंय असं वाटतं, आठवून लिहिल्याने राहतं.

सातपूरचे_मास्तर
शंभर टक्के. आणि गणितात उदाहरण 'समजलं' आणि 'सुटलं' यात जमीन-अस्मानाचा फरक. सोडवलेलं उदाहरण झाकून परत सोडवायला लावा. शिवाय एका जागी बसून तीन तासांचा पेपर लिहायचा हात घरच्या मुलांचा तयार नसतो. डिसेंबरपासून पंधरवड्यातून एक अख्खा पेपर, घड्याळ लावून, जेवणाच्या टेबलावर नव्हे तर कुठेतरी बाहेर. वाचनालयात जमलं तर सोन्याहून पिवळं.

निफाडकर_द्राक्षवाले
आमच्या पोराला पेपर ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसवला होता. सरपंचाने चहा पाजला, मधेच.

मिसळ_आणि_ताक
🙂 पर्यवेक्षक असावा तर असा.

इंदिरानगरी
सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, नेते मी तिला. १८४० सालचं वाचनालय, टिळकपथावर, तिला तिथलं गप्प वातावरण आवडतं. अडचण एकच, सिंहस्थ २०२७ ला, त्यामुळे गावात जिथे बघावं तिथे खोदलेलं. सिटीलिंकच्या बसने जाऊन-येऊन किती वेळ जाईल त्याचा नेम नाही.

शिफ्ट_इन्चार्ज
मग सावानाचा दिवस राखीव दिवस धरा. शनिवार साखळीत घेऊच नका. आठवड्याचे पाच धडे पाच दिवसांत नाही झाले तर शनिवार आहे, झाले असतील तर शनिवार तिचा.

देवळाली_कॅम्प
सहली कुठे बसवता तुम्ही लोक? नाशिकमध्ये राहून मुलांना लेणी, धरण दाखवत नाही, मग घरी शिकण्याचा फायदा काय? गारगोटी संग्रहालय सिन्नरला आहे, अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे.

गच्चीवरची_शाळा
जरूर न्या, पण माझं स्पष्ट मत: सहलीला अभ्यासाच्या कोष्टकात टाकू नका. घरी शिकवणाऱ्या आई-बापांना खाज असते, कुठेही गेलं की 'आज आपण भूगोल केला' म्हणायची. पोराचं फिरणं पण जातं आणि भूगोल पण. पांडवलेण्याला गेलो तेव्हा मी मुलाला काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. तो त्याच्यासमोर उभा राहिला आणि विचारतो, 'हे कोणी वाचलं पहिल्यांदा?' ब्राह्मी लिपीच्या मागे तो पुढे कित्येक महिने होता. परीक्षेत त्याचा एक मार्क नाही. मी ते वेळापत्रकात धरलं नाही म्हणूनच ते टिकलं.

सातपूरचे_मास्तर
थोडा असहमत. त्याच सहलीवर एक पान मराठीत लिहून घेतलं तर काय बिघडतं? निबंधाला विषय आयता.

गच्चीवरची_शाळा
लिहून 'घेतलं' की बिघडतं सर. त्याने लिहिलं तर कोण नाही म्हणतंय.

इंदिरानगरी
माझ्या मुलीचं वेड पक्षी. हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला जायचा तिचा हट्ट असतो, आणि आता ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलंय, २०२० साली जाहीर झालं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, वारकरी, सगळे तोंडपाठ. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिचं मन तिकडे असणार. मग साखळीचं काय?

आठवी_पास_नापास
मग जुलै ते ऑक्टोबर आठवड्याला सहा धडे, हिवाळ्यात चार. वर्षाचा हिशोब हातात असण्याचा उपयोग हाच. पावसाळ्यात तसंही बाहेर काय आहे? फक्त हा सौदा तिच्याशी आत्ता करा, लेखी. नोव्हेंबरमध्ये थंडीत पहाटे निघताना नको.

निफाडकर_द्राक्षवाले
नांदूर मधमेश्वर आमच्याच तालुक्यात. आलात तर सांगा, द्राक्ष चालू झाली असतील तर घेऊन जा. सकाळी लवकर या, उन्हं वर आली की पक्षी लांब जातात.

इंदिरानगरी
महिन्याभराने परत आले. जुलैचा तिसरा आठवडा संपला. तिची परवानगी घेऊन वहीतलं एक पान जसंच्या तसं टाकते, कोणाला उपयोग झाला तर.

'सोम. ८ ला बसले. गणित धडा ४. उदाहरणसंग्रह अर्धा, बाकी पुढे. दुपारी विज्ञान, पाठगत प्र. ३ चुकला, एकक लिहिलं नाही.
मंगळ. गणित ४ पूर्ण. १ तास ५० मि. इंग्रजी उघडलं नाही, लाईट नव्हती आणि कंटाळा पण.
बुध. इंग्रजी १ धडा. मराठी १ धडा, सोपा, ३५ मि.
गुरु. काही नाही. आत्या आली.
शुक्र. गणित ५ सुरू. अडलं: वर्ग पूर्ण करायचा तिथे. २० मि. प्रयत्न केला, मग 'अडलं' पानावर लिहून विज्ञान घेतलं.
शनि. राखीव. विज्ञान संपवलं. चार धडे झाले, पाच नाही. आईला सांगितलं.'

ते 'अडलं' पान तिच्या मामाची कल्पना. वीस मिनिटांपेक्षा जास्त एका जागी डोकं आपटायचं नाही, प्रश्न त्या पानावर उतरवायचा, चिमटा पुढे. रविवारी अकराला मामाला ते पान दाखवलं जातं. त्याच वेळी मी वही बघते, चहाबरोबर, अर्धा तास, त्याच्या वर नाही. बाकी सहा दिवस मी अभ्यासाचं नाव काढत नाही. काढलं तर तिने मला दहा रुपये दंड लावलाय आणि डबा बऱ्यापैकी भरलाय.

सातपूरचे_मास्तर
'आईला सांगितलं' या दोन शब्दांना माझ्याकडून दहापैकी दहा. वर्ग पूर्ण करण्याबाबत: तिला कागद कापून करायला सांगा. क्ष बाजूचा चौरस, त्याच्या दोन बाजूंना पट्ट्या लावा, कोपऱ्यात जो चौकोन कमी पडतो तोच मिळवायचा असतो. एकदा कातरीने केलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

शिफ्ट_इन्चार्ज
गणिताच्या धड्याला पावणेदोन-दोन तास आणि मराठीला ३५ मिनिटं, म्हणजे सगळे धडे सारखे मोजून चालणार नाही. आता तुमच्याकडे तिचे स्वतःचे आकडे आहेत. गणिताचा धडा दोन मोजा, मराठीचा अर्धा, आणि वर्षाची बेरीज परत एकदा करा. माझे १२० आणि २८ आता विसरा.

इंदिरानगरी
केली बेरीज, तिनेच केली. गणित फेब्रुवारीत संपत नाही, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जातं. आता एकतर साखळीत गणित चौथ्यांदा घालायचं नाहीतर गणिताची उजळणी कमी करायची. तिचं मत चौथ्यांदा घालावं. इंग्रजी तिचं पक्कं आहे, त्याची जागा थोडी घेऊ म्हणते.

सातपूरचे_मास्तर
तिचं मत बरोबर. मात्र चारही गणितं पट्टीवर लागोपाठ लिहू नका, मधे मधे दुसरं काही येऊ द्या.

मिसळ_आणि_ताक
एक बाळबोध प्रश्न. नववी-दहावीची जुनी पुस्तकं घ्यावीत का बाहेरून, की संस्थेचीच पुरतात?

गच्चीवरची_शाळा
परीक्षेला संस्थेचीच. गणितात जास्त सराव हवा असेल तर बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकं ईबालभारतीच्या साईटवर फुकट आहेत, पीडीएफ उतरवून घ्या. पण ती साखळीत घालू नका, नाहीतर विषय पाचाचे सात होतात. सरावसंच अडलेल्या धड्यापुरता उघडायचा आणि बंद करायचा.

मिसळ_आणि_ताक
धन्यवाद. पुठ्ठा आणि चिमटा आणून ठेवतो. विचारायचं राहिलं, दंडाच्या डब्यातल्या पैशांचं काय होणार?

इंदिरानगरी
दुर्बीण घ्यायची म्हणते. नोव्हेंबरपर्यंत मी असंच बोलत राहिले तर चांगली येईल.